निसर्गाच्या वळणाची, कमी कष्टांची बाग: पहिल्या खड्ड्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत

बागेसाठी वेळ नाही म्हणून अनेक जण अंगणात फरशी घालतात, नाहीतर हिरवळीचा चौकोन लावून मोकळे होतात. हिरवळ सोपी वाटते, पण सगळ्या बागेत तिच्याइतकी चाकरी दुसरं काहीच करून घेत नाही. ती सतत कापावी लागते, वरचेवर पाजावी लागते, खत मागते, आणि तरीही तिच्यात तण येतंच. कुंड्यांची रांगही कमी कष्टाची नाही. थोड्याशा मातीत अडकलेल्या मुळाला खोल ओलाव्याकडे जाता येत नाही, त्यामुळे ते झाड रोजच्या पाण्यासाठी पूर्णपणे तुमच्यावर विसंबून राहतं.

बागेतलं काम नेमकं कुठून येतं ते आधी नीट पाहू. मोठा वाटा तीन गोष्टींचा असतो. पहिली म्हणजे उघडी माती, कारण तिथे तण उगवतं आणि ओल उडून जाते. दुसरी, चुकीच्या जागी लावलेलं झाड: सावलीतलं झाड उन्हात, कोरड्या जमिनीचं झाड पाणथळीत. तिसरी म्हणजे झाडावर लादलेला आकार. दोन मीटर वाढणारं झुडूप कमरेएवढं ठेवायचं म्हटलं की कात्री हातातून सुटत नाही. या तीन गोष्टी सुरुवातीलाच टाळल्या तर पुढचं बरंचसं काम निर्माणच होत नाही. या लेखातली प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट सांगतो. अशी बाग आपोआप उभी राहत नाही. पहिलं वर्ष खरोखर मेहनतीचं असतं, दुसऱ्या वर्षी काम निम्म्यावर येतं आणि तिसऱ्यापासून बाग स्वतःला सांभाळू लागते. न्यू यॉर्कमधली 'हाय लाइन' ही जुन्या उन्नत रेल्वेमार्गावरची बाग या शैलीचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण आहे. १९८० मध्ये त्या मार्गावरची शेवटची गाडी गेली, रुळांमध्ये गवतं आणि रानफुलं आपसूक रुजली, आणि तेच रूप डोळ्यांसमोर ठेवून पीट औडॉल्फ या डच बागरचनाकारांनी तिथली लागवड आखली. बागेचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला. तिथेही दरवर्षी हिवाळा सरताना वाळलेल्या काड्या हातांनी कापल्या जातात. नैसर्गिक दिसणारी बाग बेवारस नसते. तिच्यात काम कमी वेळा असतं, पण ते नेमक्या वेळी करावं लागतं.

आधी जागा वाचा

रोपं आणण्याआधी निदान एक ऋतू जागेकडे बघण्यात घालवा. जमल्यास उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहा. जागेचा कच्चा नकाशा काढा आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी ऊन कुठे पडतं ते त्यावर मांडा. सहा तास किंवा जास्त थेट ऊन मिळणारी जागा पूर्ण उन्हाची, तीन ते सहा तासांची अर्धसावलीची, त्याहून कमी असेल तर सावलीची. सूर्याचा मार्ग ऋतूप्रमाणे सरकतो, त्यामुळे एका महिन्यातलं निरीक्षण सगळ्या वर्षासाठी धरू नका. जोराच्या पावसात एकदा बाहेर येऊन पाणी कुठून वाहतं आणि कुठे थांबतं तेही पाहा. दहा मिनिटांत जे कळेल ते नंतर महिनाभर अंदाज बांधूनही कळणार नाही.

मग निचरा तपासा. सुमारे ३० सेंमी खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणा, पाण्याने भरा, ते जिरू द्या. पुन्हा भरा आणि आता पातळी तासाला किती उतरते ते मोजा. दोन ते पाच सेंमी उतरत असेल तर बहुतेक झाडांना जागा मानवेल. एक सेंमीही उतरत नसेल तर ओल सोसणारी झाडं निवडायची, आणि दहा सेंमीपेक्षा जास्त उतरत असेल तर कोरड सोसणारी.

मातीचा पोत समजण्यासाठी काचेची उभट बरणी पुरते. बरणीचा एक तृतीयांश भाग चाळलेल्या मातीने भरा, वर पाणी घाला, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू पहिल्या मिनिटाभरात तळाशी बसते, गाळाला काही तास लागतात, चिकणमातीला एखादा दिवस किंवा त्याहूनही जास्त. थरांच्या जाडीवरून प्रमाण डोळ्यांना दिसतं.

इथे एक मोह टाळा. चिकणमाती दिसली की लोक तीत वाळू मिसळतात. थोड्या वाळूने चिकणमाती भुसभुशीत होत नाही, उलट विटेसारखी घट्ट होते. तिला सुधारायचं असेल तर पालापाचोळा आणि कुजलेलं सेंद्रिय खत वरून घालत राहा, ते खाली नेण्याचं काम गांडुळं करतील. त्याहून सोपा मार्ग म्हणजे त्या मातीत आनंदाने वाढणारी झाडंच लावणं. नैसर्गिक शैलीच्या बागेला फार सुपीक जमीन लागतही नाही. भरपूर खतात तण माजतं आणि उंच फुलझाडं लुसलुशीत वाढून आडवी पडतात.

चिवट तणाचा निकाल लावल्याशिवाय पुढे जाऊ नका

बाग बिघडते ती बहुतेक वेळा इथे. लागवडीनंतर तण काढणं हे लागवडीआधी काढण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं असतं, कारण मग प्रत्येक काडी रोपांच्या मुळांमधून सोडवावी लागते.

बियांपासून येणारं वर्षायू तण त्रासदायक असलं तरी आवरता येतं. खरा प्रश्न जमिनीखालून पसरणाऱ्यांचा आहे, म्हणजे लव्हाळा आणि हरळी. लव्हाळ्याच्या गाठी मुळांच्या साखळीत खोलवर असतात. वरचं पातं उपटलं की गाठ पुन्हा फुटवा देते. त्याचे टोकदार कोंब पुठ्ठा आणि पातळ प्लास्टिकही भेदून वर येतात. हरळीचा प्रत्येक पेराचा तुकडा नवी मुळं धरतो, म्हणून अशी जमीन यंत्राने उलथली की एका हरळीच्या शंभर होतात.

पण या दोघांचं एक मर्म आहे: दोघांनाही सावली सोसत नाही. म्हणून आधी ओल्या मातीत कुदळीने हलवून जमतील तेवढ्या गाठी आणि पेरं बाहेर काढा. मग काही आठवडे फुटवा दिसताच काढत राहा. पान जगलं नाही की गाठीतला साठा संपत जातो. एवढं झाल्यावर दाट लागवड करून वर सावली धरा. उरलेलं काम ती सावली करते, आणि दाट लागवडीचा आग्रह मी पुढे पुन्हा धरणार आहे तो याचसाठी.

जमीन फक्त बियांच्या तणाने भरलेली असेल तर दोन सोपे मार्ग आहेत. कडक उन्हाळ्यात जमीन भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून चार ते सहा आठवडे ठेवलं की वरच्या थरातलं बरंचसं बी उष्णतेने मरतं. दुसरा मार्ग पुठ्ठ्याचा. खोक्यांवरची चिकटपट्टी आणि पिना काढून पुठ्ठे १५ सेंमी एकमेकांवर चढतील असे अंथरा, चिंब भिजवा आणि वर १० सेंमी पालापाचोळा घाला. दोन-तीन महिन्यांत खालचं गवत कुजतं आणि पुठ्ठाही मातीत मिसळतो.

त्यानंतर माती खणू नका. अनेक तणांचं बी जमिनीत वर्षानुवर्षं निपचित असतं आणि उजेड मिळाला की उगवतं. दर खणणीबरोबर नवं बी वर येतं. खड्डा फक्त रोपापुरता.

तण रोखण्यासाठी विकत मिळणारं काळं कापड अंथरून वर खडी घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. वर्षा-दोन वर्षांत खडीत धूळ आणि पानं साचून माती तयार होते, त्यात बी रुजतं आणि मुळं कापडात विणली जातात. मग ना तण निघतं ना कापड. शिवाय पालापाचोळा मातीपर्यंत पोहोचत नाही आणि तुमची झाडं आपलं बी टाकून स्वतःहून पसरूही शकत नाहीत.

कोणती झाडं, आणि का

सुरुवात आजूबाजूला बघून करा. रस्त्याकडेला, माळावर, ओढ्याकाठी कोणीही पाणी न घालता काय तगून आहे? तुमच्यासारख्याच मातीत आणि उन्हात जे आपणहून वाढतं, तेच तुमच्या यादीचा पाया. रोपवाटिकेत जाण्याआधी ही यादी तयार असू द्या, नाहीतर त्या दिवशी जे फुललेलं दिसेल ते घरी येतं.

स्थानिक झाडांचा आग्रह धरण्याचं आणखी एक कारण आहे आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. मधासाठी फुलपाखरं अनेक फुलांवर जातात, पण अंडी मात्र ठरावीक झाडांवरच घालतात, कारण अळ्यांना तीच पानं चालतात. काही फुलपाखरांच्या अळ्या लिंबू आणि कढीपत्ता अशा एकाच कुळातल्या पानांवर पोसतात, काहींच्या रुईवर. नुसती रंगीत फुलं लावली तर फुलपाखरं पाहुणी म्हणून येतात. अळ्यांची झाडं लावली तर ती तिथे वाढतात. आणि पिलांना भरवण्यासाठी बहुतेक छोटे पक्षी याच अळ्या नेतात. पानं थोडी कुरतडलेली दिसणं हे बाग चालू असल्याचं लक्षण समजा.

यादी करताना झाडांचा विचार थरांत करा. वर एखादं लहान झाड किंवा झुडपं, त्यांनी बागेचा सांगाडा उभा राहतो. मग मधल्या उंचीची झुबक्याने वाढणारी गवतं आणि वर्षानुवर्षं टिकणारी फुलझाडं, त्यांच्यामुळे ऋतू बदललेला कळतो. सगळ्यात खाली जमीन झाकणारी बुटकी, पसरणारी झाडं. नवखे लोक खर्च आणि हौस वरच्या दोन थरांवर करतात आणि खालचा थर विसरतात. कष्ट वाचवणारा थर मात्र तोच आहे. रोपांच्या एकूण संख्येत निम्मी रोपं जमीन झाकणारी असावीत असं मी ठामपणे सांगेन.

गवतं या शैलीचा प्राण आहेत. ती वाऱ्याला हलतात, वाळल्यावरही उभी राहतात आणि फुलांना टेका देतात. निवडताना झुबका करून एका जागी राहणारी गवतं घ्या. वाळा हे त्याचं चांगलं उदाहरण. त्याची मुळं सरळ खाली दोन ते तीन मीटर जातात, उताराची माती धरून ठेवतात आणि एकदा रुजल्यावर त्याला फारसं पाणी लागत नाही. जमिनीलगत आडव्या धावणाऱ्या खोडांनी पसरणारं गवत मात्र शेजारच्या झाडांना गिळतं.

लवकर पसरतं म्हणून कुणी आग्रहाने रोप देत असेल तर आधी चौकशी करा. पिवळ्या फुलांचं वेडेलिया जमीन झाकायला सर्रास विकलं जातं, घाणेरीची रंगीत वाणंही मिळतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत ही दोन्ही आहेत. पक्षी आणि पाणी त्यांना तुमच्या कुंपणाबाहेर नेतात, आणि तिथलं नुकसान कुठल्याही छाटणीने भरून येत नाही.

दाट लावा, थोडेच प्रकार घ्या

जमीन झाकणारी रोपं ३० सेंमी अंतरावर लावली तर एका चौरस मीटरमध्ये सुमारे ११ बसतात. फुलझाडं ४५ सेंमीवर लावली तर ५. हे आकडे ऐकून खर्चाची धास्ती वाटते, म्हणून सबंध जागा एकदम करू नका. चार चौरस मीटरचा एक तुकडा घ्या: एक झुडूप, पाच-सहा गवतांचे झुबके, आठ-दहा फुलझाडं आणि बावीस ते पंचवीस जमीन झाकणारी रोपं. तो तुकडा भरला की त्यातलीच झाडं फोडून आणि फांद्या लावून पुढचा तुकडा करा. बाकीची जागा तोवर पुठ्ठा आणि पाल्याखाली झाकून ठेवा. अर्धवट भरलेली मोठी बाग राखण्यापेक्षा पूर्ण भरलेली छोटी बाग राखणं कितीतरी सोपं.

प्रकार कमी ठेवा. एका तुकड्यात सहा-सात प्रकार पुरेत. निसर्गात एखादी जात ठिकठिकाणी पुन्हा भेटते, मध्येच दाट होते, कडेला विरळत जाते. तेच करा: एक प्रकार पाच-सातच्या घोळक्यात लावा आणि त्यातली एक-दोन रोपं थोडी दूर, दुसऱ्या घोळक्यात शिरल्यासारखी ठेवा. सरळ रांगा नकोत. रोपं आधी कुंड्यांसकट जमिनीवर मांडा, लांब जाऊन बघा, हलवा, आणि मगच खड्डे घ्या.

मियावाकी पद्धतीच्या दाट जंगलाशी याची गल्लत करू नका. तिथे चौरस मीटरला साधारण तीन वृक्षांची रोपं लावतात आणि काही वर्षांत त्यांचा घनदाट कोपरा होतो. ते जंगल आहे. छोट्या अंगणात ते केलं तर खाली बसायलाही जागा उरत नाही आणि ऊनही.

बाग कितीही मोकळी ठेवली तरी तिची कड नेटकी हवी. स्वच्छ पायवाट, दगडांची बुटकी ओळ, नाहीतर कापलेल्या गवताची अरुंद पट्टी, एवढ्यावर आतली रानटी वाढ मुद्दाम केलेली आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं. कडेला बुटकी आणि आत उंच झाडं ठेवली की वाटेवर काही आडवं पडत नाही आणि ते कापण्याचं कामही वाचतं. पायवाट दोन माणसं शेजारी चालतील एवढी, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास ठेवा. झाडं तिच्यावर थोडी झुकणारच.

लावणी, पाणी आणि आच्छादन

पावसाच्या तोंडाशी लावणी केली तर पहिल्या महिन्यांचं पाणी बरंचसं आभाळच देतं. शक्य तिथे लहान रोपं घ्या. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या मोठ्या झाडाची मुळं गोल गोल फिरलेली असतात. लहान रोप नव्या जागेत चटकन मूळ धरतं आणि बऱ्याचदा दोन-तीन वर्षांत मोठ्याला गाठतं.

खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गड्ड्याएवढीच. मुळं गोल फिरलेली असतील तर बोटांनी मोकळी करा. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग जमिनीच्या पातळीवर राहू द्या, मातीत गाडला तर तिथे कूज लागते. खड्ड्यात वेगळी सुपीक माती भरू नका. मुळं त्या मऊ मातीतच घोटाळत राहतात, बाहेर पडत नाहीत. निघालेलीच माती परत घाला, आळं करून भरपूर पाणी द्या.

आता आच्छादन: पाच ते आठ सेंमी जाडीचा वाळका पाला किंवा काडीकचरा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. आच्छादन ही रोपं पसरेपर्यंतची सोय आहे. पुढे जमीन झाकणारी झाडंच ते काम करतात.

पाणी रोज थोडं देण्यापेक्षा क्वचित पण भरपूर द्या. वरवरच्या पाण्याने मुळं वरच राहतात आणि एक दिवस चुकला की रोप माना टाकतं. सुरुवातीचे काही आठवडे कोरड असेल तर आठवड्यातून दोनदा-तीनदा, मग एकदा, मग पंधरवड्याने असं अंतर वाढवत न्या. पाणी दिल्यावर काही वेळाने काडी खुपसून बघा, ओल १५ ते २० सेंमीपर्यंत गेलेली असावी. पहिला उन्हाळा नव्या रोपांना एकट्याने काढायला लावू नका, ती चिवट जातीची असली तरी.

छपरावरून येणारं पाणी गटारात सोडण्याऐवजी १५ ते २० सेंमी खोल, पसरट खळग्यात वळवा. खळगा घराच्या पायापासून निदान तीन मीटर दूर असावा आणि त्यात पाणी आणि कोरड दोन्ही सोसणारी झाडं लावावीत. पाणी २४ ते ४८ तासांत जिरायला हवं. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा किंवा जास्त लागतो, म्हणून जिरणाऱ्या खळग्यात डास वाढत नाहीत. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या उथळ भांड्यातलं पाणीही दर दोन-तीन दिवसांनी बदला.

बागेत कोण राहणार आहे

मावा दिसला की फवारणीसाठी हात शिवशिवतात. थोडं थांबा. ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या माव्यावर जगतात, पण खाणं दिसल्याशिवाय ते येत नाहीत. फवारा मावा मारतो, ढालकिडेही मारतो, आणि मावा ढालकिड्यांच्या कितीतरी आधी परत वाढतो. रोप अगदीच कोमेजत असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने मावा धुऊन काढा.

एका कोपऱ्यात वाळक्या ओंडक्यांचा ढीग राहू द्या, त्यात सरडे, भुंगेरे आणि बुरशी नांदतात. आणि इथे उघड्या मातीविरुद्ध मी जे म्हटलं त्याला एक अपवाद. एकेकट्या राहणाऱ्या रानमाश्यांपैकी (मधमाश्यांच्या नातलगांपैकी) बहुतेक जणी जमिनीत बीळ करून अंडी घालतात. उन्हातला, निचऱ्याचा, चौरंगाएवढा तुकडा त्यांच्यासाठी मुद्दाम उघडा ठेवा आणि त्यावर पाला घालू नका.

वर्षाकाठचं काम

पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा खुरपी घेऊन फेरी मारा. तण बी धरण्याआधी निघालंच पाहिजे, हा एकच नियम कडक पाळा. त्याच फेरीत आपल्या झाडांची बाळरोपं ओळखायला शिका, म्हणजे आपोआप उगवलेली फुलझाडं तणासोबत उपटली जाणार नाहीत. दुसऱ्या वर्षी ही फेरी महिन्यातून एक-दोनदा पुरते.

फुलं सुकली की लगेच छाटू नका. बी पक्ष्यांना हवं असतं, पोकळ काड्यांत काही रानमाश्या घर करतात, आणि वाळलेली गवतंही देखणी दिसतात. नवी पालवी फुटण्याच्या थोडं आधी, वर्षातून एकदाच, सगळं कापा. जाड पोकळ काड्या ३० ते ४० सेंमी उंचीच्या उभ्या सोडा, बाकी हातभर तुकडे करून तिथेच अंथरा. तेच पुढच्या वर्षाचं आच्छादन आणि खत. झुडपांना मुळात पुरेशी जागा दिली असेल तर फक्त मेलेली किंवा वाट अडवणारी फांदी काढायची.

तिसऱ्या वर्षाच्या सुमारास कोणती झाडं जोर धरतात आणि कोणती मागे पडतात ते दिसायला लागतं. मेलेल्या रोपाच्या जागी पुन्हा तेच आणू नका. शेजारी जे फोफावलंय त्याचा झुबका पावसाच्या सुरुवातीला कुदळीने फोडा, प्रत्येक तुकड्याला मुळं आणि दोन-तीन कोंब आहेत ना ते बघा, पानं निम्मी कापा आणि रिकाम्या जागेत लावा. एखादी जात सगळ्यांवर चढत असेल तर तिची फुलं बी धरण्याआधी खुडा आणि कडेची वाढ दरवर्षी काढा.